मार्गदर्शक तत्त्वांना कोर्टाचा दरवाजा उघडावा का? (रोम – डब्लिन – दिल्ली – व्हाया बीड)

घोगरगावकर

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर पोरापोरींचा एक अभ्यासगट बसतो. सध्याचा विषय आहे कॅथलिक सामाजिक शिकवण आणि आपली राज्यघटना. तिथं वाद इतका पेटला की म्हटलं इथल्या जाणत्यांना विचारावं.

राज्यघटनेच्या चौथ्या भागातली मार्गदर्शक तत्त्वं (सरकारनं धोरण आखताना पाळायची) आपण आयर्लंडकडून घेतली हे स्पर्धा परीक्षावाल्यांना झोपेतही सांगता येतं. पण आयर्लंडनं ती कुठून आणली? त्यांच्या 1937 च्या घटनेतलं कलम 45 बऱ्यापैकी त्या काळच्या कॅथलिक विचारातून आलंय. पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये 'रेरम नोव्हारम' हे पत्र काढलं. त्यात सरळ म्हटलंय की काटकसरीनं राहणाऱ्या कामगाराचं भागेल एवढी मजुरी त्याला मिळालीच पाहिजे, आणि अडला-नडला म्हणून त्यानं कमी दाम कबूल केले तर तो करार नव्हे, ती जबरदस्ती. 1931 मध्ये अकराव्या पायस यांनी 'क्वाद्राजेसिमो आन्नो'मध्ये हाच धागा पुढं नेला. आयर्लंडचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा घटना लिहून घेत होते तेव्हा त्यांच्या भोवती याच विचाराचे धर्मगुरू होते. मग 1947 च्या शेवटी आपल्या संविधान सभेचे घटना सल्लागार बी. एन. राव डब्लिनला जाऊन डी व्हॅलेरांना भेटले.

आता आपलं कलम 39 (ङ) बघा. कामगारांच्या, स्त्री असो की पुरुष, आरोग्याचा आणि ताकदीचा, मुलांच्या कोवळ्या वयाचा गैरफायदा घेतला जाऊ नये. आर्थिक गरजेपायी कुणाला आपल्या वयाला किंवा ताकदीला न पेलणाऱ्या कामाला जावं लागू नये. आयर्लंडच्या कलम 45 मध्ये जवळजवळ हेच शब्द आहेत. फक्त तिथं वय आणि ताकदीच्या जोडीला 'लिंग'ही होतं, ते आपल्या लोकांनी गाळलं.

दोन्हीकडं कुलूपही सारखंच: ही तत्त्वं घेऊन कोर्टात जाता येणार नाही. आपल्याकडं ते कलम 37. आयर्लंडमध्ये फेब्रुवारी 2014 मध्ये घटना परिषदेतल्या 85 टक्के सदस्यांनी आर्थिक-सामाजिक हक्कांना घटनेत जास्त बळ द्या असा कौल दिला. पुढं सरकारनं काही केलं नाही ही गोष्ट वेगळी.

प्रश्न एवढाच: आपण कलम 37 चं कुलूप काढावं का?

बेरकाबोका

मी शीर्षक बघून स्वस्त विमान तिकिटांचा धागा समजून आलो होतो. व्हाया बीड म्हटल्यावरच शंका यायला हवी होती.

गोदाकाठ

वाखूसा (वाचनखूण साठवली). सविस्तर प्रतिसाद नंतर देते.

निर्ढावलेला

लेख चांगला आहे, पण निम्मीच गोष्ट सांगितलीत. ज्या धर्मगुरूंनी कलम 45 मध्ये मजुरांची काळजी घेतली, त्यांच्याच प्रभावाखाली त्याच घटनेत 41.2 आलं: बाईची जागा घरात. घटस्फोटावर 1995 पर्यंत बंदी होती. चर्चला घटनेत खास स्थान होतं, ते काढायला 1972 चं सार्वमत लागलं. मजुरी हवी तर हे सगळं सोबत घ्यावं लागतं, की भाजीवाल्याकडून कोथिंबीर तेवढी फुकट उचलायची?

आणि तो 'लिंग' शब्द आपल्या घटनाकारांनी का गाळला असेल याचं उत्तर यातच आहे. बायकांना 'न पेलणारी' कामं कोणती हे कोणी ठरवायचं?

जाता जाता एक गंमत. डी व्हॅलेरांनी मसुदा व्हॅटिकनला पाठवला तेव्हा पोपकडून निरोप आला तो साधारण असा: मी मान्यता देत नाही, अमान्यही करत नाही, आम्ही गप्प राहू. आपल्या मंत्रालयातला कुठलाही डेस्क अधिकारी यापेक्षा सुंदर शेरा मारू शकणार नाही.

घोगरगावकर

@निर्ढावलेला, 41.2 बद्दल वाद नाही. ते बदलायला 8 मार्च 2024 ला सार्वमत झालं, आयरिश बिशपांनी 'नाही' म्हणा असं सांगितलं आणि दुरुस्ती पडली. अर्थात ती फक्त बिशपांमुळं पडली नाही, मसुदाच गुळमुळीत होता अशी स्त्री संघटनांतल्या काहींचीही तक्रार होती.

पण चर्चची शिकवण 1937 ला गोठलेली नाही. तेविसावे जॉन यांचं 1963 चं 'पाचेम इन तेर्रिस' बघा. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी, विश्रांती, आजारपणात-म्हातारपणात-वैधव्यात-बेकारीत आधार, हे सगळे हक्क म्हणून मोजलेत. आणि माझ्या प्रश्नाशी थेट नातं असलेलं वाक्य म्हणजे मूलभूत मानवी हक्कांची सनद नेमक्या शब्दांत लिहून राज्यघटनेत पूर्णपणे घालावी, असं त्यात म्हटलंय. पूर्णपणे. म्हणजे एक भाग कोर्टाचा आणि एक भाग रामभरोसे, अशी फाळणी त्यात नाही.

मिलिंदचा_विद्यार्थी

रोमला श्रेय वाटण्याआधी थोडं थांबा. बाबासाहेबांनी 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये काय मागितलं होतं ते वाचा. मोठे उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची करा, आणि हे सगळं घटनेच्याच कायद्यात घाला, म्हणजे निवडून येणाऱ्या प्रत्येक सरकारच्या मर्जीवर ते राहणार नाही. लिओ तर खासगी मालमत्तेचे पक्के कैवारी, 'रेरम नोव्हारम'मध्ये समाजवादाला झोडपूनच सुरुवात आहे. तेव्हा दोघांना एका पंगतीत बसवू नका.

मसुद्यात ते बसलं नाही, बहुमत वेगळं होतं. मग संविधान सभेत बाबासाहेबांनीच मार्गदर्शक तत्त्वांची बाजू मांडली: कोर्टात जाब देता आला नाही तरी निवडणुकीत मतदारांपुढं द्यावा लागेल. तिकडं के. टी. शहांनी टोमणा मारला की हा बँकेवरचा असा चेक आहे जो बँकेला परवडेल तेव्हाच वटेल. टी. टी. कृष्णमाचारींनी तर भावनांची कचराकुंडी म्हटलं. पंचाहत्तर वर्षांत निवडणुकीला कुठल्या उमेदवाराला कलम 39 वरून जाब विचारलेला कुणी पाहिलाय का? मी तरी नाही. माझं मत: कुलूप काढा.

आणि घोगरगावकर, मनाला लावून घेऊ नका, पण हक्कांची भाषा बोलणाऱ्या चर्चमध्ये जात बाहेर चपलांपाशी राहते का? आमच्या तालुक्यात एकाच कब्रस्तानात दोन कोपरे बघितलेत मी.

सोनपेठची_सून

+1. विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

घोगरगावकर

मिलिंदभाऊ, मनाला का लावू, माझे आजोबा त्याच दोन कोपऱ्यांपैकी एकात आहेत.

आमचं गाऱ्हाणं दुहेरी आहे. चर्चमध्ये जात आहे हे भारतातल्या बिशप परिषदेनंही कबूल केलंय, जातिभेद हे पाप आहे असं जाहीर केलंय. आणि तिकडं 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश म्हणतो की ख्रिस्ती झालात म्हणजे तुम्ही अनुसूचित जातीचे उरला नाहीत. 1956 मध्ये शीख त्यात घेतले, 1990 मध्ये बौद्ध घेतले. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्ये धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. 2022 मध्ये याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. घटनात्मक सुधारणा म्हटलं की आमच्या वस्तीवरच्या माणसाला कलम 37 नाही, हे आठवतं.

पैठणीचा_काठ

पण अट काढली तर आरक्षणाच्या त्याच भाकरीत आणखी वाटेकरी, ही भीती खोटी म्हणता येत नाही. आणि जात मोडायची म्हणून धर्म सोडला, तर परत जातीचा दाखला कशाला, असा प्रश्न लोक विचारणारच.

मिलिंदचा_विद्यार्थी

हा प्रश्न 1990 पर्यंत बौद्धांनाही हेच लोक विचारत होते. धर्म बदलला म्हणून गावातली विहीर बदलत नाही. भाकरी लहान असेल तर ती मोठी करायची मागणी करा.

संपादक मंडळ

आरक्षणावर स्वतंत्र धागे आहेत, कृपया तिकडे. औरंगाबाद की संभाजीनगर यावरचे चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत, त्यांचा या धाग्याशी काहीही संबंध नव्हता.

बेरकाबोका

माझा एक होता त्यातला. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) म्हणा, निदान आदरानं गेल्यासारखं वाटेल.

कोयत्यामागं

राम राम. मी वडवणी तालुक्यातला. आई-बाप दोघंबी ऊसतोडीला, म्हंजी एक कोयता. तुमचं 39 (ङ) दोनदा वाचलं. आमच्याच घरचं कुणीतरी लिहून ठिवल्यावानी हाय.

सांगतो कसं चालतंय. पावसाळ्यातच मुकादम उचल देतो, म्हंजी आगाऊ पैसं. त्यात बहिणीचं लगीन, नायतर दवाखाना, नायतर गेल्या सालची बाकी. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरायच्या. फडाच्या कडंला पाचटाची कोपी, वरून कागद. आई रातीच्या तीनला उठायची, चूल, भाकरी, मग फडात. बाप तोडायचा, आई मोळ्या बांधून डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढायची. गाडी कव्हा बी येती, रातीच्या बारालाबी भरायची. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) इकून आलेले पैसे हाच रोजचा बाजार. एक दिस आजारी पडलं की खाडा, म्हंजी त्या दिसाची मजुरी तर नाहीच, वरून दंड. पाळीच्या दिसात, पोटुशीपणात बी खाडा. म्हणून आमच्या गावात पस्तिशीच्या आतल्या कितीक बायांनी गर्भाची पिशवी काढून घेतलीय.

ही बातमी 2019 ला लई गाजली. सरकारनं समिती नेमली, जिल्ह्यातल्या 82 हजारावर ऊसतोड बायांना विचारलं, त्यात 13 हजारावर बायांची पिशवी काढलेली निघाली. मंग नियम आले, सिव्हिल सर्जनच्या परवानगीबिगर खासगी दवाखान्यात करायचं नाही म्हणून. बरं झालं. पण खाडा हाय तिथंच हाय.

आता तुम्ही मला सांगा, कुलूप काढलं तर कोर्टात कोण जाणार हाय? माझी आई सहा महिने कोल्हापूर नायतर कर्नाटकात. तारीख पडली की ती खाडा करून यील का?

गोदाकाठ

@कोयत्यामागं, दादा, तुमच्या प्रतिसादानंतर माझा सविस्तर प्रतिसाद लिहायची हिंमत होईना. तरी एक विचारते. तुम्ही शिकलात कसं? साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड्यांच्या मुलांच्या हंगामी शाळेत?

कोयत्यामागं

साखरशाळा दोन साल हुती, मंग बंद पडली. मी आजीपाशी ऱ्हायलो, म्हणून शिकलो. माझी थोरली बहीण कोपीवर धाकट्याला सांभाळायला गेली, ती नाही शिकली. आता भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहं निघालीत ऊसतोड्याच्या लेकरांसाठी, त्ये काम मातर चांगलंय.

खडीफोड_आजी

नातीकडून टाईप करून घेत आहे. मी अंबड तालुक्यातली, वय 70 च्या पुढे.

हक्क काय असतो ते मी बहात्तरच्या दुष्काळात पाहिलंय. गावातून माणसं निघून चालली होती, जनावरं कवडीमोलानं गेली. मग सरकारनं कामं काढली. आम्ही जावा-जावा नालाबांधावर खडी फोडायला जायचो. हाताला फोड, डोक्यावर उन्हाची ठिणगी, पण आठवड्याला पगार व्हायचा आणि दुपारला सुकडी मिळायची. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, गिळवत नसत. मिशनच्या फादरांकडून तेल नि दुधाची पावडर मिळायची, जात-धर्म न विचारता. पण मिशनचं तेल दिलं तर दिलं, नाही दिलं तर मागायचं कुणाकडं? कामाचं तसं नव्हतं. नंतर तर कायदाच झाला, मागितलं की काम द्यायचं. आमच्या गावच्या बायका तहसीलवर मोर्चा घेऊन जायच्या, 'काम द्या नाहीतर भत्ता द्या'. कोणाच्या पाया पडावं लागत नव्हतं.

बेरकाबोका

आजी, सुकडीची कृती द्या. पाककृती विभागात टाकतो.

खडीफोड_आजी

भाजलेलं पीठ, गूळ, तेल. भूक असली तर गोड लागते.

लातूरचे_वकील

उशिरा येतोय, तारखा होत्या. आजींनी मुद्द्याला हात घातला आहे म्हणून तिथूनच सुरू करतो.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेला रोजगार हमी कायदा महाराष्ट्रानं 1977 मध्ये केला. घटनेत कामाचा हक्क कलम 41 मध्ये आहे, म्हणजे कुलुपाआड. पण राज्यानं साधा कायदा करून तो हक्क बनवला, आणि त्यासाठी पैसा कुठून येणार तेही ठरवलं: शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून अंबडच्या नालाबांधाला पैसा. घटनादुरुस्ती शून्य. तेव्हा कलम 37 काढलं नाही तर काहीच होत नाही, हे खरं नाही.

दुसरं, कुलूप तितकं घट्टही राहिलेलं नाही. शिक्षणाचं बघा. आपल्या घटनेच्या कलम 45 मध्ये होतं, 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात कोर्टानं ते कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काला जोडलं, 2002 च्या 86 व्या दुरुस्तीनं 21-क आलं, कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू. आणि ज्या 39 (ङ) वर हा धागा आहे, तेही आत शिरलंय. 1984 चा बंधुआ मुक्ती मोर्चा निकाल काढून वाचा. दगडखाणीतल्या मजुरांचा खटला. कोर्ट म्हणतं, सन्मानानं जगण्याच्या हक्काला प्राण मिळतो तो मार्गदर्शक तत्त्वांतून, आणि त्यात 39 (ङ) नाव घेऊन सांगितलंय.

तिसरं घोगरगावकरांसाठी. 1982 चा एशियाड मजुरांचा निकाल. न्या. भगवती म्हणतात की भूक आणि गरिबी माणसाला किमान वेतनापेक्षा कमी दाम घ्यायला भाग पाडते तेव्हा तीसुद्धा सक्तीच, आणि असं काम म्हणजे कलम 23 खाली वेठबिगारी. तुम्ही वर लिओंचं जे म्हणणं दिलंत ते पुन्हा वाचा. 91 वर्षांचं अंतर आहे, एकानं दुसऱ्याचं वाचलं होतं असा माझा दावा नाही, पण युक्तिवाद तोच आहे. आणि कलम 23 मूलभूत हक्कांत येतं. त्याला कुलूप नाही.

त्यामुळं माझं मत: 37 ला हात लावू नका. सरसकट उघडलंत तर दारूबंदीपासून गोवंशापर्यंत चौथ्या भागातलं सगळंच कोर्टात येईल, आणि मग ज्याच्याकडं महाग वकील त्याचं तत्त्व पुढं.

निर्ढावलेला

वकीलसाहेब, शेवटच्या परिच्छेदासाठी टोपी काढली. हा मुद्दा धाग्यात कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

मिलिंदचा_विद्यार्थी

सहमत नाही. सरसकट उघडू नका, ठीक. निवडून उघडा: 39 (क) (उपजीविका), 39 (ङ), 41, 43 (निर्वाह वेतन), 47 चा आहाराचा भाग. 21 च्या पोटातून बाळंत केलेला हक्क पुढच्या खंडपीठाच्या मर्जीवर असतो. रोजगार हमीचंही तसंच, साधा कायदा साध्या बहुमतानं पातळ करता येतो. घटनेत लिहिलेलं खोडायला जास्त हात लागतात.

टीचरबाई

मी एका इंग्रजी माध्यमाच्या मिशनरी शाळेत नऊ वर्षं शिकवलं. नाव घेत नाही. सही एका आकड्यावर, हातात दुसरा आकडा. स्टाफरूमच्या भिंतीवर 'श्रमाची प्रतिष्ठा' अशी पाटी, प्रार्थनेत न्याय, आणि मे महिन्याचा पगार कापलेला. 'क्वाद्राजेसिमो'चा उच्चार मला येत नाही, पण न्याय्य वेतनाचं ते पान त्या मॅनेजर फादरांना पाठवायचं आहे. कुठं मिळेल?

घोगरगावकर

ताई, 'रेरम नोव्हारम'चा परिच्छेद 45. व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तुमच्या मुद्द्यावर चर्चचंच वाक्य देतो: 1971 च्या बिशपांच्या धर्मसभेनं म्हटलंय की न्यायाबद्दल बोलणाऱ्यानं आधी लोकांच्या नजरेत न्यायी असायला हवं, आणि चर्चमध्ये काम करणाऱ्यांना पुरेसं वेतन मिळायला हवं. तेही पत्रासोबत जोडा.

उदगीरी

सगळे मजुरी-मजुरी करताय, प्रदेशाचं काय? त्या 1931 च्या पत्रात आणखी एक तत्त्व आहे, खालच्या पातळीला जे जमतं ते वरच्यानं हिसकावून घेऊ नये. आता आपलं कलम 371 (2) बघा. मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ, निधीचं न्याय्य वाटप, राज्यपालांची खास जबाबदारी. 1956 ची घटनादुरुस्ती, मंडळ आलं 1994 ला, मुदत संपली 30 एप्रिल 2020 ला. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी'मध्ये पिण्याच्या पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटलंय. त्या हक्काच्या रांगेत आम्ही घागर घेऊन उभे होतो.

पैठणीचा_काठ

मंडळ होतं तेव्हा तरी काय दिवे लावले? अहवाल छापले. आणि ऊस कोण लावतो हो? पाणी नाही म्हणायचं आणि साखर कारखाने वाढवायचे.

उदगीरी

अहवाल छापले म्हणून तर अनुशेष किती ते आकड्यात कळलं. आता तेही नाही. उसाचं म्हणाल तर मान्य, पण तो वाद काढला तर हा धागा शंभरी गाठेल.

कोयत्यामागं

वकीलसाहेब, तुमचं कलम 23 चं ध्यानात आलं. पण उचल कागदावर नसती. कव्हा कव्हा कोऱ्या स्टँपवर अंगठा असतो, तो मुकादमापाशी. मुकादम बी आमच्यातलाच, त्याच्याबी डोक्यावर कारखान्याची उचल. दर 34 टक्क्यांनी वाढला जानेवारी 2024 ला, त्येबी संप केला तव्हा. कोर्टात काय दाखवायचं?

लातूरचे_वकील

दादा, 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा, कलम 15. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं कर्ज देणाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. बंधुआ मुक्ती निकालात तर असंही म्हटलंय की सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असं कोर्टानं धरून चालावं. कोर्टात जायचीही आधी गरज नाही. जिल्हाधिकारी आणि उपविभागीय अधिकारी यांच्याकडं दक्षता समिती असते, अर्ज तिथं द्यायचा. अर्ज आईनंच द्यायला हवा असं नाही, तुम्हीही देऊ शकता.

कोयत्यामागं

आणि मुकादमानं पुढच्या साली कामच दिलं नाही तर?

मिलिंदचा_विद्यार्थी

म्हणून तर म्हणतोय, 41 पण उघडा.

लातूरचे_वकील

ते होईल तेव्हा होईल. दादा, एकट्यानं अर्ज देऊ नका. टोळीतल्या दहा-बारा कोयत्यांची नावं एकत्र करा, पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, मसुदा मी लिहून देतो, फी नाही.

टीचरबाई

त्या मसुद्यात शिक्षिका बसतात का?

लातूरचे_वकील

तुमचा वेगळा लागेल. बँकेचं पासबुक जपून ठेवलंय का?